घोणसगडाचा तिसरा बार

घोणसगडावर उजाडले तेव्हा खालचे खोरे धुक्याने काठोकाठ भरले होते, आणि त्या धुक्यातून वर आलेली बादशाही छावणीच्या राहुट्यांची टोके, सांबरखिंडीचे दोन कडे आणि पलीकडचे काळे पठार एवढेच काय ते तटावरून दिसत होते. वेढ्याचा पाचवा महिना चालला होता. टाक्यातल्या पाण्याला वास येत होता. नाचणीची शेवटची कणगी उघडली होती. दारूखान्याचे छप्पर शत्रूच्या गोळ्याने उडाले, त्यावर अवकाळी पाऊस कोसळला, आणि बंदुकीच्या दारूचा चिखल झाला. कोरडी उरली ती मोठ्या तोफेच्या तीन बारांपुरती.

गडावर दोनशे बारा माणसे होती. त्यांत नव्वद बायका-मुले. गडाचे हवालदार चांगोजी काटकर यांची चार वर्षांची तुळजा त्यांतच, तापाने फणफणलेली. या सगळ्यांचा जीव एकाच आशेवर टिकून होता: सरदार खेत्रोजीराव आठशे शिपायांनिशी वेढा फोडायला येत होते.

"आले! निशाण दिसलं!" बुरुजावरून टेहळणीचा गोंदनाक ओरडला, आणि उपाशी माणसे तटाकडे धावली. कोणी हसत होते, कोणी रडत होते.

मग ऊन चढले, धुके विरले, आणि गोंदनाकाचा आवाज एकदम खाली आला.

"हवालदार, खिंड बघा."

खिंडीच्या दोन्ही कड्यांवर, झाडोऱ्याआड, बादशाही बंदूकवाले ओळीने दबा धरून बसले होते. लोटून देण्यासाठी रचलेल्या धोंड्यांच्या राशीही गडावरून स्पष्ट दिसत होत्या. पठारावरून येणाऱ्याला यातले काहीच दिसणार नव्हते. फौज खिंडीत शिरायला फार तर दोन घटका होत्या, आणि गडाच्या कड्यावरून माणूस उतरवला तर त्याला पोहोचायला दोन प्रहर लागले असते.

एवढ्या दूर पोहोचणारी एकच खूण होती, तोफेची. ती आधीच ठरलेली होती. एक बार म्हणजे गड शाबूत आहे. दोन म्हणजे निकड आहे, धावून या. तीन म्हणजे गड पडला, माघारी फिरा.

चांगोजी खिंडीकडून तोफेकडे वळले. मग म्हणाले, "जानूकाका, तोफ भरा. तीन बार."

जानू गोलंदाज तीस वर्षे त्या तोफेपाशी होता. तिला तो थोरली म्हणे. "वा, हवालदार! आठवडाभर थोरलीला उपाशी ठेवलीत, आणि आता घास घालताय तो आपलीच माणसं हाकलायला?"

"खिंडीत शिरले तर एकही परत जाणार नाही, काका."

हवालदारांची बायको साळूबाई लोकांतून पुढे आली. एरवी चारचौघांत ती नवऱ्यापुढे बोलत नसे.

"ते शिपाई आहेत. घरावर तुळशीपत्र ठेवून निघालेत. माझी तुळजा काय ठेवून आली होती?"

"साळू, ते कापले गेले तर गड वाचेल का? तेही जातील, आपणही जाऊ."

"आणि निम्मे आत आले तर?"

चांगोजींनी जानूला बाराची खूण केली.

पहिला बार झाला. कडे घुमले. तोफ पुसून, भरून दुसरा झाला, आणि पठारावरचे निशाण एकदम वेगाने पुढे सरकू लागले. धावून या, असा अर्थ त्यांनी घेतला होता. आता तिसरा बार झाला नाही, तर आपणच त्यांना मरणाकडे ढकलले असे होणार होते.

जानूने तोफ डागायची पेटती जामगी पाठीमागे धरली. "आता थांबा, हवालदार. येऊ द्या त्यांना. तिसरा मी देणार नाही. मान उतरवायची तर उतरवा."

चांगोजींचा हात तलवारीकडे गेला नाही. त्यांनी म्हाताऱ्याची बोटे एकेक करून सोडवली, जामगी घेतली आणि तोफेच्या कानाला लावली.

पठारावरचे निशाण थबकले. कितीतरी वेळ ते जागचे हलले नाही. मग हळूहळू फिरले.

"गेले," गोंदनाक म्हणाला. एका म्हातारीने मूठभर माती उचलली आणि हवालदारांच्या पायांपाशी टाकली, मूठमाती द्यावी तशी.

त्यानंतर गड नऊ दिवस तगला. त्या नऊ दिवसांत चौदा माणसे गेली. पहिली तुळजा. दहाव्या दिवशी उरलेल्यांना सुखरूप जाऊ देण्याचा कौल घेऊन चांगोजींनी गडाच्या किल्ल्या स्वतःच्या हाताने शत्रूच्या तबकात ठेवल्या.

पुढे दरबारात चौकशी झाली. खेत्रोजीराव उभे राहून म्हणाले, "खिंडीतला दबा आम्हांस ठाऊक होता. कडे काबीज करायला आमचे दोनशे मावळे निघालेही होते. तीन बार झाले नसते, तर त्याच दिवशी आम्ही गडावर असतो."

हे खरे होते, की माघारी फिरलेल्या सरदाराची ही सारवासारव होती, हे कोणालाच कळले नाही. चांगोजींना विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "वरून जे दिसले, त्यावर बार दिले. जे दिसले नाही, त्याचा दोषही आमचाच."

त्यांची हवालदारी गेली. डोंगरापलीकडच्या निवे गावात ते जमीन कसू लागले. जानूही मागोमाग आला. का आलास, असे त्याला कोणी विचारले नाही. एकदा बाजारात एक अनोळखी माणूस चांगोजींच्या पाया पडला, आपल्या दोन मुलांनाही त्याने पाया पडायला लावले. "मी त्या आठशेंतला," तो म्हणाला. चांगोजींनी मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला. साळूबाई पाठ फिरवून चालू लागली.

दसऱ्याला गावाच्या लहानशा तोफेचे तीन बार होत. ते जानू देई. दुसरा झाला की तो थांबून चांगोजींकडे पाही. चांगोजी म्हणत, "हं, काका." मग तिसरा होई. साळूबाई त्या वेळी घरात दार लावून बसे. अशी अठरा वर्षे गेली.

एकोणिसाव्या दसऱ्याला चांगोजी नव्हते. जानूने दोन बार दिले, सवयीने मान वळवली, आणि रिकाम्या जागेकडे पाहत तसाच उभा राहिला. हातातली जामगी जळत होती. लोक कुजबुजू लागले.

तेव्हा साळूबाईच्या घराचे दार उघडले. ती गर्दीतून चालत आली, जानूसमोर उभी राहिली. "द्या, काका," ती म्हणाली.

या वेळी म्हाताऱ्याने बोटे आपणहून सोडली. तिसरा बार तिने दिला.