डाव्या अंगाची जागा

“मग ती जागा कुणासाठी सोडता?”

दाराच्या दोन्ही बाह्यांना हात टेकून शालननं वाट अडवली होती. ज्योतीराम चपला घालून, टोपी सारखी करून आतल्या अंगाला उभा होता. रोजची फिरायला जायची वेळ टळत चालली होती, आणि त्याची नजर सारखी तिच्या खांद्यावरून बाहेर जात होती.

“कसली जागा?”

“डाव्या अंगाची. सगळी वाट मोकळी पडलेली असती, तरी तुमी उजव्या कडंनं चालता. बाभळीच्या काट्यांतनं चालता. आन् डावीकडं एक माणूस मावंल एवढी वाट सोडता. आंधळी न्हाई मी.”

“तिकडं सवय लागली.”

“सवय माणसाला माणसाची लागती. मोकळ्या वाटंची न्हाई लागत.”

“हळू बोल. शेजारी विमलवैनी ओट्यावर बसलीया.”

“बसू द्या की. तिनंच तर…” म्हणून शालननं जीभ आवरली. विमलबाईनं काय सांगितलं ते तिला इतक्यात बाहेर काढायचं नव्हतं. भांडणात सगळ्यात मोठा धोंडा शेवटी फेकावा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिच्या अंगातच होतं.

ही गोष्ट सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतरची. चिंचवडच्या शिवारात तेव्हा ज्वारी डुलायची, आणि पिंपरीकडं कारखान्यांच्या भिंती नुकत्या कुठं उभ्या राहत होत्या. ज्योतीराम तसल्याच एका कारखान्यात फिटर होता. सासू-सासरे मागेच गेलेले, लेक शाळेसाठी मामाकडं, घरात ही दोघंच. कारखान्यात सर्बियातनं यंत्रं यायची होती. ती कशी बसवायची ते शिकायला मालकांनी गड्याला सहा महिने तिकडं पाठवलं. आख्खं गाव स्टेशनवर पोचवायला गेलं होतं. गेला तो घाईघाईचा, अर्धी भाकरी हातात घेऊन धावणारा माणूस. परत आला तो दुसराच. जेवण सावकाश, बोलणं सावकाश, आणि दिवेलागण झाली की नदीच्या वाटेला सावकाश फेरी.

आल्यावर पहिले आठ दिवस त्याच्या तोंडात त्या गावाशिवाय दुसरं काही नव्हतं. सोंबोर त्याचं नाव. होतं शहरच, पण कसली घाई नसलेलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी जावं, वाटेत दोनदा बसावं, तरी दिवस उरावा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं, अशी दाट की वर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, आणि भर दुपारी माजघरासारखा गार अंधार. संध्याकाळी सगळी माणसं चांगले कपडे करून मोठ्या रस्त्यावर येत आणि नुसती चालत. जायचं कुठंच नाही. त्या टोकाला जायचं, वळायचं, परत यायचं.

“नवरा-बायकोसुद्धा?” शालननं तेव्हा विचारलं होतं.

“हातात हात घालून. एका ओळीत. कुणी म्होरं न्हाई, कुणी मागं न्हाई.”

ते ऐकून तिच्या काळजात बारीक काटा रुतला तो रुतलाच. लग्नाला बारा वर्षं झाली होती. जत्रेला म्हणू नका, सोयऱ्यांच्या घरी म्हणू नका, तो पुढं आणि ती दहा पावलं मागं. गावात सगळ्याच बायका तशा चालायच्या. नवऱ्याच्या तोंडापेक्षा त्याची पाठच तिला जास्त पाठ होती. मानेवरचा तीळ, सदऱ्याच्या मागचं रफू, झिजलेली डावी टाच. आणि हा माणूस सांगत होता की तिकडं रस्त्यावर कोळशावर भाजलेली कसलीशी फळं मिळतात, कागदाच्या पुडीत, गरम गरम, आणि तो रोज दोन पुड्या घ्यायचा.

“दुसरी कुणाला?”

“कुणाला न्हाई. दुसरी तशीच गार व्हायाची.”

गार होऊन जाणाऱ्या पुडीला कुणी रोज पैसे मोजतं का? शालननं मनातल्या मनात एक मडम उभी केली. गोरीपान, उंच टाचांची, तोंडाला पावडर. रात्री कूस बदलली की ती मडम, चुलीत फुंकर मारली की ती मडम. नवरा कामावर गेला की शालन त्याची ट्रंक उपसायची. फोटो नाही, रुमाल नाही, केस नाही. फक्त एक वास. मेणाचा, जळक्या मधाच्या पोळ्याचा. आधी तो कोटाला होता. मग दिवेलागणीला दारात यायला लागला. गेल्या आठवड्यात तो तिच्या स्वतःच्या उशीला आला.

“सरक,” ज्योतीराम आता दारात म्हणत होता. “माघारी आल्यावर बोलू.”

“आत्ता बोला. तिकडं कोण बाई व्हती?”

“तुझ्या गळ्याशपथ, तिकडची कुणी बाई न्हवती.”

“मग परवा नदीच्या वाटंवर विमलबाईनं कुणाला बघितलं?”

धोंडा पडला. ज्योतीरामच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं तिला कंदिलाच्या उजेडातही दिसलं.

“काय… काय बघितलं?”

“धुण्यावर सगळ्यांदेखत मला म्हणली, ‘शालन, एवढं काय गं पाघळायचं? नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून चालतीस, डोईवर पदर न्हाई, का नवी नवरी लागून गेलीस?’ बायका फिदीफिदी हसल्या. मी म्हणलं, वैनी, त्या वक्ताला मी घरात भाकरी थापत व्हते. तर ती म्हणली, ‘मला शिकवू नगंस. तूच व्हतीस. हिरवंगार लुगडं नेसली व्हतीस, आन् कपाळभर कुंकू फासलं व्हतंस, मळवट भरल्यावानी.’”

ज्योतीराम एक पाऊल मागं सरला.

“माझ्याकडं हिरवं लुगडं न्हाई,” शालन म्हणाली. “तुमाला ठावं हाय.”

सवाष्ण बाई मेली की तिला हिरवं लुगडं नेसवतात आणि तिच्या कपाळावर मळवट भरतात. हे त्या घरात कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. विमलबाईच्याही ध्यानात ते नंतर आलं असावं, कारण कालपासून ती शालनकडं बघताना दुसरीकडंच बघायची.

ज्योतीराम मटकन उंबऱ्याच्या आत बसला. टोपी काढून त्यानं गुडघ्यावर ठेवली.

“चूक झाली,” तो म्हणाला. “तिकडं गेल्यावर पहिल्याच ऐतवारी. ज्या म्हातारीच्या घरी मी उतरलो व्हतो, ती मला देवळात घेऊन गेली. त्यांच्यात मेणबत्ती लावत्यात. पिवळ्या, मधाच्या मेणाच्या. पेटवली आन् वास आला, तू कुंकवाच्या आधी कपाळाला मेण लावतीस ना, तसाच. तुझी लई सय आली. म्हणलं, एक शालनच्या नावानं लावू. तिथं दोन कप्पे व्हते, एक वर, एक खाली. मी खाली लावली. आपल्यात दिवा देवाच्या पायाशी ठेवत्यात, देवाच्या डोक्यावर न्हाई.”

“मग?”

“म्हातारीनं बघितलं. घरी आल्यावर खुणा करून इचारलं, कुणासाठी? मी म्हणलं, बायकोसाठी. तिनं डोळं मिटून मान टाकली, म्हंजी, मेली का? मी म्हणलं, न्हाई, घरी हाय, चांगली हाय. तर तिनं तोंडावर हात मारून घेतला. वरचा कप्पा जित्यांचा, खालचा मेलेल्यांचा. मला ढकलाय लागली, जा, आत्ता जा, वर लाव.”

“लावली?”

ज्योतीरामनं टोपी गुडघ्यावरून उचलून परत तिथंच ठेवली.

“अवं, लावली का न्हाई?”

“त्या सांजंला मी एकटाच रस्त्यावर गेलो व्हतो. सगळी जोडीनं चालत व्हती. मधीच मला वाटलं, डाव्या अंगाला कुणीतरी पाऊल मिळवलंय. वळून बघितलं… तर तू.” त्याचा आवाज अगदी खाली आला. “बोलली न्हाई. नुसती चालत व्हती, माझ्या पावलानं. लई बरं वाटलं, शालन. परक्या मुलखात…”

“आन् फुडच्या ऐतवारी?”

“…खालीच लावली.”

“चुकून?”

“न्हाई.”

शालनला ते सहा महिने आठवले. दर रविवारी दुपार कलली की हातपाय गार पडायचे, चुलीपुढं बसूनही. रात्री मेल्यासारखी झोप लागायची आणि सोमवारी उठल्यावर तळपाय ठणकायचे, कोसभर चालून आल्यासारखे. विमलबाईनं नजर उतरवली होती. वैद्यानं काढा दिला होता. आणि हा तिकडं हौसेनं तिला दर रविवारी मारत होता.

पण खरं सांगायचं तर तिला भीती मागनं वाटली. आधी जो भडका उठला तो मत्सराचा होता. मडम परवडली असती. मडमेला शिव्या घालता आल्या असत्या, तिच्या गोऱ्या कातडीला नावं ठेवता आली असती. हिला काय म्हणायचं? तोंड आपलं, नाव आपलं, आणि शेजारून चालायचं सुख मात्र तिचं.

“तुझ्यासंगंच तर चालत व्हतो,” ज्योतीराम अजीजीनं म्हणाला. “त्यात तुला एवढं लागायचं काय?”

“माझ्यासंगं? ती कदी बोलली तुमाला? कदी म्हणली, पीठ सरलंय, लेकीला बघून या? तुमाला शालन पायजे व्हती, पण मुकी पायजे व्हती. जितीला मागं दहा पावलं, मेलीला खांद्याला खांदा. असं का? बारा वर्सांत एकदा तरी म्हणला, शालन, अशी शेजारनं चल?”

“गाव काय म्हणंल…”

“तिच्यासंगं चालताना कुठं गेलं तुमचं गाव?”

तो मान खाली घालून टोपीची कड चाचपत राहिला.

“मी बंद करायचं बघितलं,” तो म्हणाला. “इकडं ना त्यांचं देऊळ, ना मेणबत्ती. वाटलं, राहील तिकडंच. पर बोटीतनं उतरलो तर डाव्या अंगाला हायच. गेल्या ऐतवारी मी मुद्दाम फिरायला गेलो न्हाई, आठवतं तुला? त्या दिशी तू चक्कर येऊन पडलीस. मी न्हाई गेलो की ती… आत यायला बघती. म्हणून जातो मी. तिला घरापासनं लांब न्यायला.”

“खोटं. आवडतंय म्हणून जाता.”

“…तेबी हाय.”

बाहेर अंधार दाटला होता. नदीकडून गार वारा आला, आणि शालनच्या मानेपाशी तो वास आला. जळकं मेण, मध. इतका जवळून, की कुणीतरी तिच्या अंबाड्यावरच श्वास सोडत होतं.

ज्योतीराम बसल्या जागेवरून मान वर करून तिच्या खांद्यामागं बघत होता. ओठ जेमतेम हलवून तो म्हणाला, “शालन… मागं बघू नगंस. दारातनं हात काढ. तिला वाटंल, तू तिला अडवतीस…”

“अडवतेच हाय.”

“ती तुझ्या पाठीला लागून उभी हाय.”

दाराच्या बाह्यांना धरलेल्या शालनच्या बोटांवर गार, ओलसर काहीतरी टेकलं. बोटावर बोट बसलं, अंगठ्यावर अंगठा. माप तंतोतंत जमलं. आत व्हावं, दार लावून घ्यावं, असं मनात आलंच. मग तो बाहेर जाईल, आणि आपण चुलीपुढं गार पडत जाऊ, आज थोड्या, उद्या थोड्या. एखाद्या दिवशी गावातले लोक येऊन आपल्याला हिरवं लुगडं नेसवतील. आणि हा रडेल, पण एकटा पडणार नाही.

तिनं हात काढले. पण आत गेली नाही. नवऱ्याचं मनगट धरून तिनं त्याला उठवलं, आणि गर्रकन वळून त्याच्यासकट उंबरा ओलांडला. ओलांडताना उजवा खांदा पावसात भिजलेल्या भिंतीला घासावा तसा घासला गेला. तिनं डोळे समोर ठेवले. पायऱ्या उतरून ती त्याच्या डाव्या अंगाला गेली, त्या जागेत, जी तो रोज सोडत होता. तिथली हवा विहिरीच्या तळासारखी गार होती. ती तिथं उभी राहिली आणि हटली नाही.

दोघं चालू लागली. दहा-वीस पावलं झाली नसतील, तोच तिच्या ध्यानात आलं, की ज्योतीराम तिच्याकडं सरकतोय. हळूहळू, न कळत, अंग चोरून. तिला वाटलं, गडी घाबरलाय, आधार शोधतोय. मग तिनं त्याच्या पलीकडं बघितलं. त्याच्या उजव्या अंगाला एक माणूस मावेल एवढी वाट मोकळी होती.

विमलबाई ओट्यावर कंदिलाच्या उजेडात ज्वारी पाखडत होती. तिचं सूप हातातच थांबलं. तिनं शालनकडं बघितलं, ज्योतीरामकडं बघितलं, मग त्याच्या पलीकडं बघितलं, आणि परत शालनकडं.

“शालन,” ती दबक्या आवाजात म्हणाली, “तू हितं हायस… मग ती…”

ज्योतीराम जागच्या जागी थांबला. “माझ्या हातात न्हाई गं,” तो रडवेला झाला होता. “दोघींतल्या कुणाला तरी मागं ऱ्हावं लागंल… तूच ऱ्हा ना. तू समजदार हायस.”

शालननं त्याचं मनगट सोडलं नाही. पदर डोक्यावरून खाली घेतला, कमरेला खोचला, आणि नवऱ्याच्या छातीसमोरून वाकून, त्या मोकळ्या जागेच्या तोंडाला तोंड देऊन म्हणाली, “मी जिती हाय, बाई. मागनं तू चालायचं.”