डिफेक्टिव साहेबांचा चुडा

उचगावच्या देवळात कुब्जेचं आख्यान संपलं. बुक्क्याचा वास अजून दरवळत होता, आणि पेटीवाल्याच्या टोपीतून एक कागद मनूच्या पायाशी पडला.

"अवो, पेटीवालं... कागद पडला तुमचा!"

परशराम वळला. खानापूरचा हा तरुण बुवांच्या मागं पेटी वाजवायचा. गेले तीन दिवस मनूचे कान त्या पेटीपाशी होते. डोळे मात्र आज पहिल्यांदा भेटले.

"इंग्रजी हाय की! काय लिवलंय?"

"रेल्वेचा कागद हाय," तो चाचरला. "डि... डिफेक्टिव."

आणि पार कानाच्या पाळीपर्यंत लाजला. मनू घरी आली ती तो शब्द खडीसाखरेसारखा जिभेवर घोळवतच!

"कोण गं त्यो पेटीवाला?" तिच्या वडिलांनी, आप्पांनी विचारलं.

"रेल्वेत हाय जणू. डिफेक्टिव."

"आँ? म्हंजे फौजदाराच्या वरचाच असंल!" भावकूआप्पांचा हात मिशीवर गेला.

पुढच्याच आठवड्यात बुवांनी परशरामचं स्थळ आणलं आणि सुपारी कातरायच्या आधी आप्पांनी होकार दिला. मग काय, गावभर "राम राम, डिफेक्टिव साहेब!" मनू मात्र बुचकळ्यात. मान मिळाला की माणूस छाती काढतो. हा मान का खाली घालतो?

साखरपुड्याच्या सकाळी परशरामनं तिला देवळामागच्या विहिरीवर गाठलं.

"मनू, ही माणसं मला चिडिवत्यात व्हय?"

"चिडिवत्यात? एवढा मोठा हुद्दा—"

"कसला हुद्दा! डिफेक्टिव म्हंजे खोट असल्याला. डाक्टर म्हणाला, लोकरीची तांबडी लडी उचल. मी हिरवी उचलली. सिग्नल वळखायचा न्हाय म्हणून नोकरी न्हाय दिली."

हसावं की रडावं, मनूला कळेना. घागर भरून वर आली तरी ती दोर धरूनच.

"पेटीचं सूर तरी कळत्यात न्हवं?"

"ते कळत्यात... तू समोर बसलीस की चुकत्यात."

"मग त्येबी लिवून घ्या डाक्टराकडनं!" ती म्हणाली, आणि तडक घरी गेली.

तिनं सगळं सांगितलं आणि आप्पांचा मिशीवरचा हात खाली आला. "लगीन मोडलं म्हण! गावाला काय तोंड दावू?"

"कुब्जेच्या आख्यानाला डोळं पुसत हुतासा, आप्पा. देवानं तिच्या पाठीची खोट बघितली व्हय?"

आप्पा कोपऱ्यात जाऊन बसले. मंडळी जमली तरी तिथून हलले नाहीत.

परशरामनं चुडा पुढं ठेवला. लाजेपायी कासाराला न विचारता स्वतःच निवडलेला. बायकांत खसखस पिकली. चुडा तांबडालाल!

तो गोंधळून इकडंतिकडं बघू लागला. "हिरवाच... हाय न्हवं?"

मनूनं हात पुढं केला. "हिरवागार हाय."

पुन्हा हसू फुटलं. तेवढ्यात कोपऱ्यातून आप्पा कडाडले, "कोण हासतंय गं? हिरवाच हाय चुडा! माझ्या जावयानं बघून आणलाय!"