दवाचा दोर

सामना दहाला होता, म्हणून माळी साडेसहालाच मैदानावर आला. धुकं इतकं दाट की स्वतःचे बूट दिसले तरी नशीब. पण गवतावर दव राहिलं तर चेंडू साबणासारखा निसटतो आणि शिव्या माळ्याला पडतात. त्यावर उपाय एकच. जाड दोराची दोन टोकं दोघांनी धरायची आणि मैदानभर ओढत न्यायची. पात्यांवरचं दव झडून जातं.

एक टोक सीमारेषेवर पडलं होतं. दुसरं धुक्यात गेलेलं, ताठ. म्हणजे वहिनी आधीच आली होती.

वर्षापूर्वी दादा गेला आणि त्याच्या जागी वहिनी कामाला लागली. दादा असताना बोलायची गरज नसे. दोराला एक झटका म्हणजे थांब, तीन म्हणजे चल. निघण्याआधी तो धाकट्याच्या मनगटाला दोराचे दोन वेढे घालायचा. "तुझ्या हाताचा काही भरवसा नाही, लेका," म्हणून हसायचा. वहिनीला झटके कधी जमले नाहीत. ती आपली खणखणीत हाक मारायची.

आज हाक आली नाही. त्याने पडलेलं टोक मुठीत धरलं. तो चालू लागला, तसा दोरही चालू लागला. ओल्या गवतावरून सरसर आवाज तेवढा येत होता.

आज बरोबर वर्ष झालं, म्हणून गप्प असेल बिचारी, असं त्याला वाटलं. रोलर खाली आणताना दादाचा पाय उतारावर घसरला आणि तो रोलरखाली सापडला, असं त्यानेच सगळ्यांना सांगितलं होतं. तेव्हापासून वहिनी रोज त्या उतारावर वाळू टाकायची. दुसऱ्या कुणाचा पाय घसरायला नको, म्हणायची. ती वाळू बघितली की त्याला घास गिळवत नसे.

समोर चेहरा नसला की बोलायला बळ येतं. मैदानाच्या मध्यावर तो थांबला. दोरही थांबला.

"वहिनी… दादाचा पाय घसरला नव्हता. रोलर उतरवताना दांडा आम्ही दोघांनी धरलेला. मला पेलेना… मी घाबरलो. मी दांडा सोडला, वहिनी…"

त्याला रडू फुटलं, आणि वर्षभरात पहिल्यांदा छाती हलकी झाली.

मग दोराला झटके बसले. एक. दोन. तीन.

"अहो भावजी!" हाक त्याच्या पाठीमागून, फाटकाच्या बाजूने आली. धुक्यातून वहिनी लगबगीने जवळ आली. हातात वाळूची रिकामी बादली. "उतारावर वाळू टाकत होते, उशीर झाला. एकटेच काय बोलताय?"

तो तिच्याकडे बघत राहिला. आत्ता सांगायचं होतं. आत्ताच, तिच्या तोंडावर.

"काही नाही," तो म्हणाला. "काही नाही, वहिनी."

दोर सावकाश ताठ झाला. वहिनीची नजर दोरावरून धुक्याकडे गेली.

"पलीकडे… कोण आहे?"

एक झटका. दोन. तीन. चौथा बसला तेव्हा तो दोन पावलं पुढे ओढला गेला. त्याने दोर सोडायला हात उघडला. बोटं पुरती मोकळी झाली, पण दोर सुटला नाही.

त्याने खाली पाहिलं. मनगटाला दोन वेढे होते. ते त्याने घातले नव्हते.