खुर्चीचा काळा डोळा

विश्वजीतदादा फौजेत भरती झाला, त्या वर्षीच्या मे महिन्यातली ही गोष्ट. दादा गेला आणि मलकापूरच्या घरात प्रश्न पडला, की त्याच्या बहिणीला, साक्षीला, आता शाळेत कोण नेणार? साक्षीचे पाय लहानपणापासून अधू. दादाच तिला उचलून मोटारसायकलवर बसवायचा.

त्याच सुमारास साताऱ्याच्या एका कॉलेजातल्या संशोधकांनी बॅटरीवर चालणारी खुर्ची बनवली. अपंग माणसाला तिच्यावर बसून गल्लीत, बाजारात, शाळेत एकट्यानं जाता येतं का, हे त्यांना तपासायचं होतं. त्यांनी साक्षीला निवडलं. महिनाभर नीट चालली तर खुर्ची तिच्याकडेच राहणार होती.

विट्याहून वीरधवल आणि अंकिता ही भावंडं सुट्टीला मामाकडे, म्हणजे साक्षीच्या घरी, आली, तेव्हा अख्खी गल्ली खुर्चीभोवती जमली होती. वीरधवलकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. दरवर्षी पहिला आंबा त्याला मिळायचा. यंदा बनुबाई आजीनं तो साक्षीच्या हातात दिला. त्यानं वडिलांकडे गिअरची सायकल मागितली होती. वडिलांचं चेन्नईत सोनं गाळायचं दुकान होतं. पुढच्या वर्षी बघू, असं ते फोनवर म्हणाले होते. आणि हिला मात्र मोटार लावलेली खुर्ची!

"पाय चालत न्हाईत म्हणून समदे लाड," तो अंकिताच्या कानात पुटपुटला.

साक्षीचे कान तिखट होते. "बदलायचं का?" ती म्हणाली. "खुर्ची घे, पाय दे."

अंकिता हसली. वीरधवलचे कान लाल झाले.

शनिवारी दुपारी साक्षी दुकानाला निघाली आणि फाटकातच खुर्ची थांबली. हाताजवळचा चालवायचा दांडा पुढं ढकलला की हातभर सरकायची आणि पुन्हा थांबायची. रविवारी तेच, सोमवारी तेच. गुरुवारी मात्र ती काही न करता सुरळीत चालायला लागली. शुक्रवारी साताऱ्याहून संशोधकांपैकी जयराज सर आले. खुर्ची त्यांच्यासमोर झकास पळाली. सरांनी सीटखालच्या पेटीतली नोंद लॅपटॉपवर बघितली; तीत खुर्ची सारखी थांबलेली दिसली. मुलगी घाबरते, दांडा मध्येच सोडते, असं त्यांनी नाथाजीमामांना सांगितलं. साक्षी तिथंच बसली होती. तिला त्यांनी काहीच विचारलं नाही.

"मी सोडत न्हाई," साक्षी म्हणाली. सर लिहीत राहिले.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, खुर्ची पुन्हा अडली. मामांनी फोन केला. सर म्हणाले, सोमवारी टेम्पो घेऊन येतो, खुर्ची दुसऱ्या कुणाला देऊ.

अंकितानं वहीत वार लिहून काढले. "शनिवारी बिघडती, गुरुवारी बरी हुती. म्हंजे शनिवारी कुणीतरी कायतरी करतंय," ती म्हणाली. मामांनी वीरधवलकडे रोखून बघितलं. ते फौजेतून निवृत्त झालेले, त्यांची नजर भारी कडक. खुर्चीवर तुझाच डोळा आहे, खरं सांग, असं त्यांनी दरडावलं.

"त्यानं न्हाई केलं, बाबा," साक्षी म्हणाली. "जळतो त्यो माझ्यावर, पर असलं करायचा न्हाई."

वीरधवल मान खाली घालून अंगणात गेला. त्यानं केलं नव्हतं, हे खरंच होतं. पण कुणी केलं हे त्याला सकाळपासून ठाऊक होतं. खुर्चीच्या पुढच्या आडव्या दांडीखाली एक बारीक काळा डोळा होता. समोर भिंत, माणूस, जनावर आलं की तो ओळखायचा आणि खुर्ची थांबवायचा. आणि दर शनिवारी आजी घराच्या दाराला, जीपला, ट्रॅक्टरला नवी लिंबू-मिरची बांधायची, तशी खुर्चीलाही त्याच दांडीवर बांधायची. खुर्ची जरा हलली की ताज्या मिरच्या झुलून बरोबर त्या डोळ्यासमोर यायच्या. चार-पाच दिवसांत त्या वाळून आखडल्या की डोळा मोकळा व्हायचा. लिंबू-मिरची घरात सगळीकडेच, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. वीरधवलनं बघितलं होतं, कारण खुर्चीवरून त्याची नजर हटतच नव्हती.

जाऊ दे की खुर्ची, असं त्याला सकाळी वाटलं होतं. आता साक्षीचं बोलणं आठवून त्याला जेवण गेलं नाही. रविवारचा दिवसही त्यानं तसाच काढला.

सोमवारी टेम्पो दारात लागला. साक्षी स्वतःच खुर्चीवरून उतरून ओट्यावर बसली. ती रडत नव्हती. शाळेचं दप्तर मात्र तिनं पाठीमागं सारलं.

"सर," वीरधवल म्हणाला, "न्यायच्या आधी तुम्ही एकदा बसा की."

सर हसत बसले. दांडा ढकलला. खुर्ची हातभर सरकली आणि थांबली. पुन्हा ढकलला. पुन्हा थांबली. गल्लीतली पोरं फाटकाशी गोळा झाली.

"घाबरलात व्हय, सर?" अंकितानं विचारलं.

मामांनाही हसू आवरलं नाही. वीरधवलनं वाकून लिंबू-मिरची सोडली. सरांनी दांडा ढकलताच खुर्ची सुसाट निघाली, ती टेम्पोच्या चाकाजवळ जाऊन आपोआप थांबली.

सर उतरले. साक्षीसमोर उकिडवे बसून त्यांनी माफी मागितली. पेटीतली नोंद वाचली, तुला विचारलंच नाही, असं ते म्हणाले. आता तिचं सांगणंही ते लिहून घेणार होते. टेम्पो रिकामाच परत गेला. मामांनी वीरधवलच्या पाठीवर थाप मारली आणि पोराची नजर फौजेत शोभेल म्हणाले.

थाप त्याला टोचली. "मला शनिवारीच कळलं हुतं," तो साक्षीला म्हणाला. "मी बोललो न्हाई."

साक्षीनं दप्तर पुन्हा पुढं ओढलं. "दोन दिस म्हंजे लय झालं, वीरू," ती म्हणाली. "आज बाजारात मी पुढं, तू मागनं पळत यायचं. पिशवी तुझ्याकडं."

"मग म्या बांधू कुठं गं?" आजीनं लिंबू-मिरची हातात धरून विचारलं.

"मागं बांध, आजी," साक्षी म्हणाली. "नजर लावणारा मागनंच येतोय."

जूनमध्ये साक्षी एकटी शाळेत गेली. खुर्चीची मागची लिंबू-मिरची आजी दर शनिवारी बदलायची. दादाच्या भरतीला तीन वर्षं झाली, त्या साली नऊ फेब्रुवारीला, शुक्रवारी, बनुबाई आजी वारली. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, खुर्चीची लिंबू-मिरची पहिल्यांदाच बदलली गेली नाही.