राखाडी चौकोनातला नवरदेव

टोरंटोहून माझ्यासाठी आलेलं स्थळ मला पहिल्यांदा दिसलं ते नुसता राखाडी चौकोन म्हणून. मुलाने आपला व्हिडिओ एका वेबपानावर चढवला होता. तो बघून शुक्रवारपर्यंत हो की नाही ते सांग, शनिवारी त्याची माणसं दार ठोठावून मागणी घालायला येणार, असं मावशीने बजावलं होतं. आणि कुमासीतल्या आमच्या कॉलेजच्या संगणकावर व्हिडिओच्या जागी तो चौकोन, आत एकच ओळ... प्लगइन नाही.

"ते प्लगइन लिनक्ससाठी केलेलं आहे," मागून कोणीतरी म्हणालं. "आपल्या संगणकांवर फ्रीबीएसडी, दुसरीच प्रणाली. पण... बघू या."

हा ओपोकू. शेवटच्या वर्षाचा, लॅब सांभाळणारा. वाळवंटाकडून येणाऱ्या हरमॅटन वाऱ्याच्या धुळीने त्याच्या पापण्यासुद्धा पांढुरक्या झाल्या होत्या. मला काय बघायचंय ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मग रोज दुपारी मी त्याच्या शेजारी. तो आज्ञा टाईप करायचा, मी भाजलेली केळी आणि शेंगदाणे पुरवायचे आणि प्रश्न विचारून त्याचं डोकं खायचे. खरं सांगते, व्हिडिओपेक्षा त्याच्या उत्तरांचीच मला जास्त उत्सुकता वाटू लागली होती. प्लगइन आलं तरी ब्राउझरला ते दिसत का नाही, असं विचारलं तर म्हणाला, "दोघांची भाषा वेगळी. मध्ये एक छोटा प्रोग्रॅम बसवायचा, याचं त्याला सांगणारा. मागणी घालताना मुलाचा मामा बोलतो ना, तसा."

"मुलगा स्वतः का बोलत नाही?"

"त्याची जीभ... ऐन वेळी टाळूला चिकटते," तो म्हणाला आणि काही कारण नसताना स्क्रीन पुसू लागला.

शुक्रवारी चौकोन हलला. बर्फात उभा असलेला सुटातला माणूस म्हणाला, "सेर्वा, हे आपलं घर." मग गाडी दाखवली, मग पुन्हा घर. मला काय हवंय ते शेवटपर्यंत विचारलं नाही. मी शेजारी पाहिलं. ओपोकूच्या हातातलं केळं तसंच राहिलं होतं.

"हे बघायचं होतं तर," तो म्हणाला.

"उद्या याची माणसं येणार आहेत."

त्याने केळं खाली ठेवलं. मला वाईट वाटलं, आणि त्याला वाईट वाटतंय म्हणून आनंदही झाला.

"आधी कळलं असतं तर चालू केलं नसतंस ना?"

"केलं असतं. तुला बघायचं होतं." तो थांबला. "फक्त... इतक्या लवकर केलं नसतं."

मी स्क्रीनवरची व्हिडिओची खिडकी बंद केली. "तुझे मामा कुठे असतात?"

"मॅम्पाँगला."

"जवळच की. तुमच्या अंगणात एक फूल दिसलंय, असं म्हणत माणसं मागणी घालायला येतात ना... टोरंटोवाले दहाला येणार आहेत."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग पापण्यांवरची धूळ झडेपर्यंत हसला.

"फुलाचं मामा बघतील," तो म्हणाला. "पण आधी... सेर्वा, तुला आवडेल?"

आठवडाभर प्रश्न मीच विचारत होते. त्याने मला विचारलेला हा पहिला.

"हो," मी म्हटलं. "पण मामांना लवकर निघायला सांग."