साधनाच्या गळ्यातला टाक

ही घटना शंभर टक्के खरी आहे. मी आयुष्यात कधी खोटं बोललेलो नाही.

एकदा सोडून. आणि तेही गप्प बसून.

गेल्या वर्षीचा पौष. अमावस्या वगैरे काही नव्हती. मंगळवार, सकाळचे अकरा, मंचरमधला एक छोटा दवाखाना. माझी धाकटी बहीण साधना हिच्या पित्ताशयातले खडे काढायचे होते. त्याआधी छातीचा एक्स-रे. दाजी, म्हणजे बाळासाहेब, महाळुंग्याला कांद्याच्या लागवडीत अडकलेले. म्हणून तिच्यासोबत मी होतो.

एक्स-रे काढणारा पप्पू वैतागला. "ताई, गळ्यातलं काढा म्हनलं व्हतं ना?"

"काढलंय की! मंगळसूत्र दादाच्या खिशात हाय."

मी खिसा चाचपला. होतं.

"मग हे काय?"

स्क्रीनवर बरगड्या. आणि गळ्याखाली... पावलीएवढा पांढरा गोल.

पुन्हा काढायचं ठरलं.

"श्वास रोखा, ताई."

सगळं शांत.

आणि मग... कुणीतरी श्वास सोडला. सावकाश.

"अवो, रोखा म्हनलं ना!"

"मी नाय सोडला."

या वेळी गोल स्पष्ट होता. त्यात एक बाई उभी होती. डोक्यावर पदर.

पप्पू आमच्याच भागातला. "काका, ह्यो तर सवतीचा टाक!"

आमच्याकडे पहिली बायको वारली, की दुसरीने तिचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा. गेलेल्या बाईचा तेवढाच मान.

"दाजींची पहिली कधी वारली?" पप्पूने विचारलं. अगदी चांगल्या मनाने.

"येडा का काय तू? ह्यांचं पहिलं लगीनच नाय झालं." साधना हसली. माझ्याकडे पाहिलं.

मी भिंतीवरचा क्षयरोगाचा तक्ता वाचत होतो.

तिचं हसू गेलं.

"दादा?"

मग मला सांगावंच लागलं. दाजींच्या पहिल्या बायकोचं नाव वैजयंती. दाजी सुरतला नोकरीला असताना लग्न झालं, आठ महिन्यांत ती तापाने गेली. इकडे गावात कुणाला पत्ता नाही. बावीस वर्षांपूर्वी, स्थळ पाहताना, दाजींच्या आईने आमच्या वडिलांना आणि मला सगळं सांगितलं. वडील म्हणाले, पोरगी नाही म्हणेल, चांगलं स्थळ हातचं जाईल. मी मान डोलावली. टाक केला असता तर साधनाला कळलं असतं. म्हणून तो कुणी केलाच नाही.

"म्हंजी समद्यांना म्हाईत व्हतं. माझ्याबिगर." तिने स्क्रीनवरच्या बाईकडे बोट केलं. "आन् हिला तरी कुणी इचारलं, दादा?"

त्याच दुपारी तिने सोनाराकडे टाक सांगितला. पुढच्या आठवड्यात पुन्हा एक्स-रेला आली, ती टाक घालूनच. काढायला साफ नकार. पप्पूने तसाच एक्स-रे काढला.

गळ्यात ठसठशीत चांदी. आणि स्क्रीनवर... काहीच नाही. नुसत्या बरगड्या.

"चांदी दिसायलाच पायजे, काका," पप्पू हळू आवाजात म्हणाला.

मला तो श्वास अजून ऐकू येतो. फार वेळ रोखून धरलेला असावा तसा.

ऑपरेशनच्या दिवशी फॉर्मवर नातेवाईकाची सही हवी होती. दाजी आणि मी, दोघंही वॉर्डाच्या दारात पेन घेऊन उभे होतो.

सही साधनाने शेजारच्या खाटेवरच्या अंबाबाईंकडून घेतली. दोन तासांची ओळख. नात्याच्या रकान्यात नर्सने लिहिलंय : शेजारची खाट.