वाटीचे दोन ठोके

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी यात पदरचं काही घातलेलं नाही. माझ्या सख्ख्या मामाच्या घरात घडलेलं आहे, आणि शेवटचं तर मी माझ्या कानांनी ऐकलंय.

साल २००६. नाशिक रोडची एक कॉलनी. आणि वेळ रात्रीची नव्हे…

भर दुपारची.

मोतीराममामा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला. लग्न केलं नाही. घरात तो आणि त्याची थोरली बहीण, आक्काबाई. आईवडील लवकर गेले, तेव्हा तिनेच त्याला वाढवलं. पुढे आक्काला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. उरला डावा हात.

त्या हातात मामाने स्टीलची वाटी दिली. ती भिंतीवर वाजवायची.

एक ठोका म्हणजे आवाज कमी कर. दोन ठोके म्हणजे इकडे ये.

एक ठोका तर रोजचाच. कारण मामाला गिटारचं वेड. कॉलनीच्या गायन पार्टीत वाजवायचा आणि चौदा एप्रिलच्या जयंतीची तयारी फेब्रुवारीपासूनच सुरू करायचा. पार्टीचा ॲम्प्लिफायर, आमच्या भाषेत ॲम्प, म्हणजे नुसता राक्षस. कमीत कमी आवाजावर ठेवला तरी खिडकीच्या काचा थरथरायच्या.

म्हणून मामा मेन रोडवरच्या वाद्यांच्या दुकानात गेला. दुकानदाराने दोन छोटे ॲम्प पुढे ठेवले. पहिला साधा, पण आवाज अगदी गुणगुणल्याइतका बारीक होणारा. दुसऱ्याला हेडफोन लावायची सोय.

"घरात आजारी माणूस आहे म्हणता ना भाऊ? मग डोळे झाकून हा हेडफोनवाला न्या. शेजारी झोपलेल्याला पत्ता लागायचा नाही."

मामाने हेडफोन कानाला लावून पाहिला. रस्त्यावरचे हॉर्न, रिक्षा, दुकानदाराची बडबड… सगळं बंद. मामा खूश झाला. तोच घेतला.

आपलं वाजवणं आक्काला ऐकू जाणार नाही, एवढाच त्याने विचार केला.

आक्काची वाटी आपल्याला ऐकू येणार नाही, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

नऊ मार्च, गुरुवार. पहिली पाळी करून मामा घरी आला. आक्काला भात भरवला, पाणी पाजलं. मग बाहेरच्या खोलीत हेडफोन लावून बसला. पावणेचारला काढला.

घर शांत होतं.

जरा जास्तच शांत…

आक्का गेली होती. हात भिंतीला टेकलेला. वाटी कॉटखाली पडलेली. आणि भिंतीचा निळा रंग… ठिकठिकाणी ताजे टवके उडालेले. हात पोचेल तिथवर.

डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका होता, कुणाला काही करता आलं नसतं. मामाने नुसती मान हलवली. आक्काच्या मागे पुण्यानुमोदनाचा विधी झाला, त्या दिवशीही तो पाहुण्यांना पाणी देत फिरत होता.

"मोत्या, रड रे एकदाचा," माझी आई म्हणाली.

"येत नाही गं ताई," मामा म्हणाला आणि पाण्याचा तांब्या भरायला गेला.

जयंतीचा कार्यक्रम तोंडावर आला होता. पार्टीला शब्द दिलेला. दुःखाच्या घरात मोठ्याने वाजवणं बरं दिसेना, म्हणून मामाने पुन्हा हेडफोन लावला. बोटं आपोआप चालत होती. त्याला काहीच वाटत नव्हतं.

पावणेचार झाले.

टक… टक.

मामाने हेडफोन काढला. काही नाही. परत लावला…

टक… टक.

गिटारची वायर काढली. तरी तेच. दुकानात नेला, तर दुकानदाराने ॲम्प खोलून तपासला, स्वतः तासभर ऐकला आणि ठणठणीत आहे म्हणून परत दिला.

मग एका दुपारी लोडशेडिंगमध्ये लाइट गेली. वीज बनवणाऱ्याच्याच घरात अंधार, हा कॉलनीतला नेहमीचा विनोद. पंखा थांबला. ॲम्पचा लाल दिवा विझला.

मामाने हेडफोन कानावरच ठेवला.

टक… टक.

तो घाबरला नाही. मला सांगताना म्हणाला, "भीती वाटायला पण आत काहीतरी लागतं गं." तो उठला. "आलो आक्का," म्हणाला. पाण्याचा पेला घेऊन रिकाम्या कॉटजवळ उभा राहिला. रोज ठोके, रोज पेला. तीन आठवडे तेच चाललं.

चौदा एप्रिलला त्याने वाजवलं. घरी येऊन त्याने ॲम्पमधून हेडफोन उपटला. म्हणाला, पुरे झालं. दुसऱ्या दुपारी स्पीकरवरच वाजवायला बसला. आवाज थोडा वाढवला…

आतल्या भिंतीतून आलं, टक.

एकच.

मामाने आवाज कमी केला. तेव्हा तो रडला. संध्याकाळपर्यंत रडत होता.

मे महिन्यात मी त्याच्याकडे गेले. त्याने मला मुद्दाम वाजवून दाखवलं. आवाज वाढवला आणि भिंतीतून ठोका आला, अगदी स्पष्ट. मी भिंतीपासून मागे सरकले. मामा मात्र हसत होता.

"ऐकलंस? आता बोलवत नाही. नुसतं कमी कर म्हणते. माफ केलं तिने मला."

तो चहा टाकायला आत गेला. हेडफोन खुंटीवर लटकत होता. त्याची पिन हवेत लोंबत होती, कशालाच जोडलेली नव्हती.

का कोण जाणे… मी तो काढून कानाला लावला.

स्टोव्हचा आवाज बंद झाला. मग…

टक टक. टक टक. टक टक.

थांबतच नव्हतं. घाईघाईने, कुणाचा तरी जीव जात असल्यासारखं.

मी हेडफोन खुंटीवर ठेवला. मामा कप घेऊन दारात उभा होता.

"काय गं? काही ऐकू आलं?"

"नाही मामा. काहीच नाही."

चहा प्यायले. चव कळली नाही.

मामा अजून रोज दुपारी वाजवतो, स्पीकरवर, बारीक आवाजात. हेडफोन अजून त्याच खुंटीला आहे.

मी त्याला सांगितलेलं नाही.